ताटातले दोन गोळे

आमच्याकडे पोळ्या करायला दिघ्याहून एक बाई येतात. दहा वाजले की त्यांचं लाटणं खाली. ताटात दोन गोळे उरलेले असोत, तवा तापलेला असो, "येते काकू" म्हणून बाई थेट जिन्यात. लिफ्टचीसुद्धा वाट बघायच्या नाहीत. उरलेल्या दोन पोळ्या मी लाटायच्या आणि नवऱ्याने त्या उलटसुलट करून विचारायचं, "आज कुठला जिल्हा?"

मी जन्मभर शाळेत प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतोच. बाईंचा शेरा मी आठवड्याभरात तयार केला: कामचुकार, वर तोरा. कारण विचारावं असं मनात आलं नाही. शाळेत तरी कुठे विचारत होते? तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे बाई संध्याकाळचा स्वयंपाक करायच्या. वहिनींनी सहज विषय काढला, तेव्हा मी तो शेरा त्यांनाही ऐकवला.

या उन्हाळ्यात सोसायटीचा पंप बिघडला. वरच्या टाकीत उरलेलं पाणी सकाळी दहा ते सव्वादहा सोडणार, अशी नोटीस लागली. त्याच दिवशी खाली मीटिंग होती आणि मी शिस्त या विषयावर बोलायला उभी होते. बोलण्याच्या भरात दहा वाजून गेले; सव्वादहाला पाच मिनिटं उरली तेव्हा वॉचमनने शेवटची शिट्टी मारली. मी वाक्य अर्धं टाकून पळाले. लिफ्टची वाट बघितली नाही. पाचव्या मजल्यावर पोचल्यावर कळलं, डाव्या पायात दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल आहे.

घरात बादल्या, पातेली, कुकर, सगळं काठोकाठ भरलेलं. बाई मोरीत शेवटची कळशी भरत होत्या.

"तुमी खाली गेलता ना काकू. मंग म्हनलं, भरून देते."

"अहो, पण तुमची दहाची घाई?"

"आमच्याकडं नळ साडेदहाला येतो, वीस मिन्टं. आज गेला." त्या हसल्या. "शेजारनीकडं मागीन दोन हंडे."

मला फार लाज वाटली. दोन वर्षं ही बाई पाण्यासाठी धावत होती आणि मी गुण कापत होते.

चप्पल घालता घालता त्या म्हणाल्या, "काकू, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी उद्यापासनं येऊ नको म्हनलं. माझं काय चुकलं, जरा विचाराल? दोन घरांवरच भागतंय माझं."

"चला, आत्ताच जाऊ," मी म्हटलं. वहिनींना हळूच बाजूला घेईन, समजावीन, बाईंना काही कळायचंही नाही, असा माझा हिशेब.

वहिनींनी दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बरं झालं हो काकू, तुम्ही वेळेवर सांगितलंत. दुसरी बाई ठरवलीसुद्धा."

बाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. दहाला लाटणं खाली ठेवलं. ताटात दोन गोळे होते. चप्पल घातली आणि "येते काकू" न म्हणताच जिना उतरून गेल्या.