तीन-सहा-नऊची लिफ्ट

लिफ्टमध्ये स्टुलावर लिफ्टवाली मावशी बसली होती, पण भांडणाऱ्या दोघांना ती दिसतच नव्हती. लढाई संपून चार वर्षं झालेली, बारा मजली इमारत नवीकोरी, रंगाचा वास अजून ताजा.

"लिफ्ट तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या मजल्यावरच थांबणार," आराखडा काढणारे साहेब म्हणाले. "बाकीचे एक मजला चढतील-उतरतील. जिन्यात भेटतील, बोलतील. नवं शहर असंच घडतं!"

"घडेल तेव्हा घडेल," कंत्राटदार म्हणाला. "शिव्या मला आजच पडतील."

मावशीला साहेबांचंच पटलं. बावीस वर्षांची होती; त्या वयात काय पटत नाही?

साहेबांचं खरंही झालं. माणसं जिन्यात भेटली, पण आधी लिफ्टला नावं ठेवायला! मग नवव्याखालच्या पायऱ्यांवर कुणी बुद्धिबळाचा पट मांडला, कुणी विणकाम आणलं. दोन लग्नं तर तिथेच जमली. मावशी हे सगळं आपणच केल्यासारखं सांगायची.

आठव्यावरच्या एकट्या चित्रकला मास्तरांचे गुडघे मात्र गेले. एक जिनाही चढवेना. दोन वर्षं घरातच. मावशी त्यांना दूध नेऊन द्यायची.

"मास्तर, बागेतली बाकं नव्याने रंगवून झाली."

"मग एका बाकाचं चित्र काढून आण. मी इथूनच त्यावर बसतो."

पुढे इमारतीची सभा भरली. प्रत्येक मजल्यावर थांबणारी, बटणांची लिफ्ट आणायची का? बटणं आली की मावशीचं स्टूल गेलं. बुद्धिबळवाले तिच्या कानाशी लागले, "तू नाही म्हण गं, आम्ही आहोत ना!"

मावशीने सगळ्यांच्या आधी हात वर केला. "आणा."

"अगं, स्वतःच्याच पोटावर पाय?"

"छत्तीस वर्षं बसून बूड सपाट झालंय मेलं. मास्तरांना बाग बघू दे."

शेजारच्या रिकाम्या जागेत नवी लिफ्ट बसली. उद्यापासून ती चालणार होती. आज मावशीने जुनी लिफ्ट नवव्यावर थांबवली, जाळीचं दार ओढलं आणि दुधाची बाटली घेऊन एक जिना उतरली. वाटेत दोघांना सरकायला लावलं, एकाच्या खेळीत नाक खुपसलं आणि बेल वाजवली.

"मास्तर, दूध घ्या. आणि लगेच तापवा, काल नासवलंत!"