बरणीत थांबलेले सात कोष

हरभऱ्याच्या पाल्याचा आंबूस वास आला, की कळंबजवळच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. माझ्या गणितानुसार बरणीतल्या घाटेअळीच्या सगळ्या कोषांतून एकदमच पतंग निघायला हवे होते. सात तसेच पडून होते. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात परीक्षकांपुढं, पतंग कधी निघतील ते समीकरणानं सांगणारा एम.एस्सी.चा प्रकल्प मांडायचा होता. मेलेले समजून मी ते वहीतून खोडायला लागले. आई म्हणाली, "थांब की गं. आपण तरी सगळं बी एकदम पेरतो व्हय? पावसानं दगा दिला तर म्हणून थोडं मागं ठेवतोच की." मी घाबरत एका कोषाला काडीनं हळूच डिवचलं. तो वळवळला. एसटीत बसून मी समीकरणात अशा मागं थांबणाऱ्या कोषांसाठी जागा केली. "हे सात का थांबले?" परीक्षकांनी विचारलंच. मी आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आता वर्गात शिकवताना समीकरणाआधी तेच सांगते.