पाचशे पानं आणि एक चमचा तेल

पाचोऱ्याकडच्या लग्नांत रोहिदासनानांच्या वांग्याच्या भाजीची चव कशी आहे, हे कुणी आधी पाहत नसे. आधी लोक वाटीत वाकून पाहत. वर लाल तेलाचा बोटभर तवंग असला की आचारी चांगला, यजमान दिलदार आणि लग्न रीतसर, असे तीन निकाल एकदम लागत. पस्तीस वर्षं नानांनी हे तिन्ही निकाल यजमानांच्या बाजूने लावून दिले. पाचशे पानांना तेलाचे दोन डबे, ही त्यांची मोजणी. चमच्याचं माप त्यांनी फक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर वाचलेलं.

मग पनीर आलं आणि त्याच्या मागोमाग पांढऱ्या टोप्या घातलेले केटरर आले. नानांचे गुडघे त्याच सुमारास दुखू लागले. त्यामुळे काम का मिळत नाही, या प्रश्नाला एक सभ्य उत्तर तयार झालं.

त्यांची मुलगी हेमलता धुळ्याला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या वर्षी आठशे मीटर धावायला तिला तीन मिनिटं पाच सेकंद लागले होते. पूर्ण गुण मिळतात दोन पन्नासला. लेखीत ती जेमतेम, तेव्हा मैदानावर एकही गुण सोडून चालणार नाही, असं तिला पळायला शिकवणाऱ्या योगराज सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी रात्रीच्या जेवणाचा एक कागदही दिला : हलकं, गरम, पोटभर, आणि तेल एक चमचा. पहाटे साडेचारला उठून धावणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी मुलगी हे कधी शिजवणार? आई ताईबाई शेत आणि दोन म्हशी सोडून हलू शकत नव्हती. घरात रिकामा माणूस एकच होता. त्याला स्वयंपाक येतो, असाही सगळ्यांचा समज होता.

धुळ्यातल्या देवपूर भागातल्या त्या खोलीत एकाच बर्नरची शेगडी होती. पहिल्या दिवशी नानांनी फार हात आखडून डाळ शिजवली. ती चौदा माणसांना पुरली असती. खोलीत दोघं होती. तीन दिवस दोघांनी तीच खाल्ली.

"नाना, इथे पंगत बसणार नाहीये," हेमलता म्हणाली.

"माले काय माहीत? एक माणूस किती खातं, हे मी कधी पाह्यलंच नही."

योगराज सरांचा चमचा हेमलताने शेगडीवरच्या खिळ्याला टांगून ठेवला होता. नाना तो तिच्यादेखत भरत आणि कढईत रिकामा करत. ती हात धुवायला बाहेरच्या नळावर गेली की आणखी दोन ओतत. यात आपण लबाडी करतो आहोत, असं त्यांना वाटत नव्हतं. पाहुण्याला जे वाढलं ते पोटच्या पोरीला नाही वाढायचं, हीच त्यांना लबाडी वाटत होती.

"एका चमच्यामा इतली भारी भाजी कशी काय व्हस, नाना?"

"हात शे मन्हा," नाना म्हणत. खोटं असं त्यात काही नव्हतं. ओतलं हातानेच होतं.

असे दोन महिने गेले. हेमलता तीन मिनिटांवर येऊन अडकली. योगराज सरांनी खाण्याची चौकशी केली. "खाणं एकदम काटेकोर आहे, सर," तिने सांगितलं. "वडील आचारी आहेत." हे तिने घरी आल्यावर नानांना अभिमानाने ऐकवलं. नाना कांदा चिरत होते, ते चिरत राहिले.

डिसेंबरात धुळ्याची थंडी दात वाजवते. अशाच एका पहाटे हेमलता पाण्याची बाटली विसरून गेली, म्हणून नाना कानटोपी बांधून ती द्यायला मैदानावर गेले. मुली शेवटच्या फेरीत होत्या. हेमलता मागून दुसरी होती. रेषा ओलांडून ती वाकली, पोट धरून तशीच उभी राहिली आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "जेवणात काही चूक नाही गं. नाना चमच्याच्या बाहेर जात नाहीत. माझंच अंग जड आहे."

नाना कठड्याच्या अलीकडेच होते. बाटली त्यांनी कठड्यावर ठेवली आणि तिला न भेटताच परतले.

त्या संध्याकाळी कढईत एकच चमचा गेला. भाजी नानांना ओळखू येईना. मसाला कच्चा लागत होता, लसूण करपला होता, मीठ एकीकडे आणि तिखट दुसरीकडे. पस्तीस वर्षं तेलाखाली काय काय खपून गेलं, याचा हा पहिला जाहीर तपास होता आणि तपास करणाराच आरोपी होता.

मग ते छप्पन्नाव्या वर्षी स्वयंपाक शिकायला बसले. बाजार उठायच्या वेळी उरलेली मेथी, पालक, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची फोड स्वस्तात उचलून आणू लागले. मसाला कोरडा भाजायचा, तोही मंद आचेवर, आणि पाठ वळवायची नाही. उडदाची डाळ इतकी घोटायची की तिला तेलाची आठवण येऊ नये. भिजवलेली तुरीची डाळ जाडसर वाटून, त्यात कांदा, लसूण आणि मिरची घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. हे फुनके. गावाकडे यांच्यावर कच्चं तेल ओतल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. नानांनी त्यांच्यासोबत आलं-मिऱ्याची पातळ, कढत कढी दिली. हेमलता तीन वाट्या प्यायली आणि तिने स्वेटर काढून ठेवला.

रोज संध्याकाळी सातला तीच शेगडी, तोच चमचा. पाचशे पानांना कधी न थकलेला माणूस दोन पानांना थकून जाई. भांडी घासून झाली की गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून भिंतीला टेकायचं, हा त्यातल्या त्यात चैनीचा भाग. पण जानेवारीत हेमलता दोन अठ्ठावन्नवर आली, मग दोन चोपन्नवर.

फेब्रुवारीत पाचोऱ्याहून जुने यजमान जीवरामभाऊ यांचा फोन आला. "नाना, नातूनं लगीन शे. वरण-बट्टी आणि वांगं, तेबी तुम्हनाच हातनं. पनीर नको बा."

दोन वर्षांत असा फोन आला नव्हता. तारीख हेमलताच्या मैदानी चाचणीचीच निघाली.

"जा ना, नाना," हेमलता म्हणाली. "फाटकाबाहेर उभं राहून तुम्ही काय माझ्यासाठी पळणार आहात?"

निघताना नानांनी फुनके वाफवून डब्यात भरले. कढीचं वाटण वाटीत झाकून ठेवलं. "आच मंद ठेव. कढी फुटू देऊ नको."

"कढी फुटली म्हणून भरती रद्द होत नाही, नाना."

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून नाना चुलाणावर होते. फोन सदऱ्याच्या खिशात. मैदानावर उमेदवारांचे फोन फाटकावरच काढून घेतात, हे ठाऊक असूनही ते दर पाच मिनिटांनी खिसा चाचपत होते. मसाला त्यांनी मंद आचेवर भाजला. मदतनीस चकित होऊन पाहत राहिला. तेल ओतताना अर्ध्या डब्यावर हात आपोआप थांबला. अर्धा डबा! नानांना तेही भयंकर जास्त वाटलं. एरवी ते झाकण काढून तवंग पाहत. आज ते खिसा पाहत होते.

पहिली पंगत बसली. माणसं वाटीत वाकली आणि वाकलेलीच राहिली. कोपऱ्यातले एक आबा मोठ्याने म्हणाले, "नाना, नवरदेवले डॉक्टरनी पथ्य सांगेल शे का?"

पंगत हसली. जीवरामभाऊंनी उरलेलं तेल कढईत तापवलं, मूठभर लाल तिखट टाकलं आणि पातेल्यांत ओतलं. तवंग आला. लोक जेवू लागले. चव कशी आहे, हे कुणी याही वेळी विचारलं नाही.

"हात गया तुम्हना, नाना," जाताना जीवरामभाऊ हळूच म्हणाले. ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

मांडवामागे एका पालथ्या पातेल्यावर नाना बसले. तेल ओतण्याआधी काढून ठेवलेली एक वाटी त्यांच्यापाशी होती. त्यांनी घास घेतला. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वांगं होतं ते, आणि ते खाणारा माणूस एकच होता.

दीड वाजता फोन वाजला.

"नाना, दोन एक्कावन्न!" हेमलताला अजून धाप लागलेली होती. "एक सेकंद राह्यनं. एकच. एक गुण गेला असेल. बघू, यादी लागेल तेव्हा लागेल."

नानांनी वाटी खाली ठेवली.

"नाना, ऐकू येतंय ना? फुनके मस्त व्हते. कढी नाही फुटली."

"हां."

"आणि आज रात्री आलात की चांगली तर्री टाकून भाजी करा. आता कोण चमचे मोजतंय?"

नाना मोजत होते. रोजचे चोरून ओतलेले दोन, असे दोन महिने, एकशेवीस चमचे. पाचशे पानांच्या पंगतीत तेवढ्या तेलाने एक ओळही धड तवंगली नसती.