हंसाबेनच्या पानातली चटणी

किंजलचा फोन आला तेव्हा मी हळ्ळीखेडच्या आमच्या अंगणात तूर पाखडत होते. "अक्का, मम्मी गेल्या," एवढंच बोलली आणि रडायला लागली. किंजल म्हणजे हंसाबेनची सून. मी सूप हातात धरून तशीच बसले. खरं सांगते, आधी मला रागच आला. हंसाबेनजवळ मला एक गोष्ट कबूल करायची होती, दोन वर्षं ती माझ्या जिभेवर येऊन परत जायची, आणि ही बाई माझं काही न ऐकता निघून गेली...

हुमनाबादला हायवेवर, लॉरीवाल्यांच्या ढाब्यांच्या ओळीत त्यांचं गुजराती थाळीचं हॉटेल. बाहेर धूळ, हॉर्न, टायरचा वास. पडदा सारून आत गेलं की दुसरंच गाव. दुपारचं ऊन त्या हिरव्या पडद्यातून गाळून ताटावर यायचं, हिंगाची आणि तिळाची फोडणी दरवळत राहायची, आतून कुणीतरी हळू आवाजात गुणगुणत असायचं. पंख्याखाली बसल्या बसल्या माझे डोळे जड व्हायचे. अजूनही वाटतं, ते हॉटेल खरंच होतं का मी दुपारी झोपेत बघितलं...

पहिल्यांदा मालक घेऊन गेले होते, म्हणजे माझे यजमान. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. आमच्यात पानातलं अन्न म्हणजे प्रसाद, त्यातला कण टाकायचा न्हाई. मी ताट चाटूनपुसून रिकामं करायची आणि रिकामं ताट दिसलं की हंसाबेन पुन्हा वाढायच्या. मी संपवतेय, त्या वाढतायत. पोट फुटायची वेळ आली. मालक आपले मिशीत हसायलेत! शेवटी मी ताटात पाणी ओतलं, ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. वाढायचा डाव हातात धरून हंसाबेन माझ्यासमोर खाली बसल्या. "अगं बाई! तुमच्यात बी असंच हाय व्हय? आम्ही जैन लोक बी थाळी धुऊन पितो!" तिथून आमची गट्टी जमली.

पुढं वर्षानुवर्षं बाजाराच्या दिवशी मी तिथं जेवायची. बाईच्या डोक्यात काय शिजायचं देव जाणे. पुंडीच्या आंबट पाल्याचे मुठिये, ज्वारीच्या पिठाचा ढोकळा, खांडवीच्या वळकटीत कारळाची चटणी. कंदमुळं जैनांना चालत न्हाईत म्हणून उंधियूत कच्ची केळी आणि आमच्या रानातले ओल्या तुरीचे दाणे. नवीन काही केलं की आधी माझ्या पानात. मग समोर उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघायच्या. "खरं बोला अक्का, खोटं बोललेलं मला कळतंय." मी एकदा ढोकळ्याला नाव ठेवलं तर चार दिवस फुगून बसल्या, आणि पाचव्या दिवशी तसाच ढोकळा सुधारून डब्यातून घरी पाठवला.

सगळ्या जगाला वाढणाऱ्या बाईला कोण वाढतंय? मीच एक दिवस त्यांना घरी जेवायला बोलावलं. लसूण, कांदा, जमिनीखालचा कुठलाच कंद चालत न्हाई, सूर्य मावळायच्या आत जेवतात. सगळं सांभाळलं. नवी पातेली काढली, वरण-भाजीत लसणाची पाकळी घातली न्हाई. जेवता जेवता त्या म्हणाल्या, "अक्का, थोडं तिखट काही हाय का?" आणि माझा हात सवयीनं फडताळावरच्या बरणीकडं गेला. शेंगाची चटणी! आमच्या घरात ती लसणाशिवाय कुटलेली कुणी बघितली न्हाई.

त्यांनी भाकरीवर घेतली, पहिला घास खाल्ला. थांबल्या... मला वाटलं, तिखट लागलं. मग बाकीची सगळी खाल्ली, ताट धुतलं, पाणी प्यायल्या, "लई झकास" म्हणाल्या आणि गेल्या. भांडी आवरताना माझ्या बोटांना लसणाचा वास आला. जन्मभर पाळलेलं त्यांचं व्रत मी माझ्या हातानं मोडलं होतं. सांगावं तर कायमची मैत्री तुटेल, न सांगावं तर घास गिळवेना. दर बाजाराला ठरवून जायची, ढोकळा खाऊन गप परत यायची. भित्री कुठली मी!

परवा, तीन आठवड्यांनी, किंजलला भेटायला हॉटेलात गेले. गिऱ्हाईक अजून आलं नव्हतं. ती वही घेऊन समोर बसली. "अक्का, मम्मी म्हणायच्या, अक्काच्या शेंगाच्या चटणीसारखी चटणी कुठं मिळायची न्हाई. ती विचारून लिहून ठेव म्हणायच्या. सांगता का?"

आता मात्र लपवायला जागा न्हाई. म्हणले, "लिही बाई. आधी लसूण... मूठभर लसूण."

तिनं वहीतून मान वर केली न्हाई. "ते माहितंय अक्का. त्या दिवशी घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिल्या. मी विचारलं कामून, तर म्हणाल्या, चटणीत लसूण होता, पण अक्काला कळालं तर ती जेवायची न्हाई, तिला सांगायचं न्हाई." मग पेन टेकवून म्हणाली, "लसणाच्या जागी काय घालू, तेवढं सांगा."