गच्चीवरची पेंढ्याची खोली

अन्याय माझ्या आईवर झाला. कधी, तेही सांगते: गेल्या मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, तारनाक्याच्या आमच्या सोसायटीच्या बैठकीत. अजून चहासुद्धा आला नव्हता. सेक्रेटरी साहेबांनी खिडकीतून आमच्या गच्चीकडे बोट केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "छत पे तबेला बना के रखे इनों. आठ दिन में निकालो, नै तो हम निकालते."

तबेला! भिंती पेंढ्याच्या आहेत म्हणून. त्या खोलीत माझी आई सहा बायकांना शिवण शिकवते. खाली दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो, तिथं चार मशिनी ठेवायच्या कुठे? खोली गेली की क्लास गेला, एवढा साधा हिशेब.

मी लगेच उभी राहिले. मी पर्यावरणवाल्या एका गटात आहे, पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते. बोलायला मला सांगावं लागत नाही. सिमेंटच्या भट्ट्या, शेतात जाळला जाणारा पेंढा, एसीची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत सोडणारे लोक, सगळं काढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, माईक होना क्या?" आणि अख्खी बैठक हसली.

आई हसली नाही, चिडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "भाईसाब, आप कमरा देखे क्या अंदर से?"

त्यांनी पाहिली नव्हती. एकानेही पाहिली नव्हती.

"तो अगले इतवार आओ. दोपहर में दो बजे."

आधी तिथं पत्र्याची खोली होती. एप्रिल लागला की कात्री उचलताना चटका बसायचा. आई मनगटाला टॉवेल गुंडाळून शिवायची, कारण घामाचा थेंब रेशमी ब्लाऊजपीसवर पडला की डाग जात नाही आणि गिऱ्हाईक जन्मभर ऐकवतं. कूलर लावला की कापडं दमट, आणि करंट गेला की सगळंच ठप्प. बारा वाजले की बायका वह्या मिटून घरी. आई मात्र बसायची. एकदा ती मशिनवरच डोकं टेकून पडलेली मला सापडली. त्या दिवशी मी ठरवलं की आता पत्रक लिहायचं नाही, भिंत बांधायची.

पेंढ्याच्या घरांबद्दल मी नुसतं वाचलं होतं. भात कापला की इथल्या शेतात यंत्रं पेंढ्याचे घट्ट चौकोनी गठ्ठे बांधून देतात. म्हशीवाले नेतात, उरलेला जाळतात. आम्ही टेम्पोभर आणले. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात विटांसारखे रचलेले गठ्ठे, दोन्ही बाजूंनी जाळी, तिच्यावर चिकणमाती आणि बारीक कापलेल्या पेंढ्याचा गिलावा, बाहेरून चुना, वर पत्रा चांगला हातभर पुढे काढलेला. सुतळी आणि जाळी अफझलगंजच्या बाजारातून मी स्वतः बसमधून आणली; कंडक्टरनं जाळीचंही तिकीट मागितलं. भिंत हातभर जाड होणार म्हटल्यावर आईनं गळ्यातली टेप काढली, आतून चारी बाजू मोजल्या आणि म्हणाली, "चौथं मशिन तिरकं बसेल. चालेल."

मग माती आमच्याच हातांनी थापली. त्या सहा जणींनी साड्या खोचून. मेस्त्री आधी डोक्याला हात लावून बसला होता, "गड्डी से दीवार? अम्मा, मेरा नाम नक्को बताओ किसी कू," (पेंढ्याला इथं गड्डी म्हणतात) आणि चौथ्या दिवशी तोच दुसऱ्यांना शिकवत होता.

आणि इथंच आमच्याकडून चूक झाली. लपवत नाही.

बाबा रिटायर झालेले, शिस्तीचे. नवी भिंत म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, हे त्यांना जन्मापासून माहीत. आमच्या गल्लीत तर माणूस किती चांगला आहे हे तो नव्या भिंतीला किती पाणी मारतो त्यावरून ठरतं. मी गटाच्या कामाला बाहेर. बाबांनी आठ दिवस पाइप धरून भिंतीला अंघोळ घातली. पेंढ्याला एकच गोष्ट मारते, ती म्हणजे पाणी, हे मी शंभर पत्रकांत छापलं होतं आणि घरात सांगायचं राहून गेलं होतं.

आईला वास आला. भिजलेल्या पोत्याचा. तिनं कोपऱ्यातल्या भिंतीला तळवा लावला. "अगं, ही आतून तापलीये." गिलावा फोडला तर आतले पाच गठ्ठे काळे पडलेले, वाफाळत होते. बाबा खाली मान घालून उभे. "मला वाटलं, मजबूत होईल," म्हणाले. आई म्हणाली, "अहो, तुम्ही चांगल्या मनानंच केलंत, पण आता त्या पाइपला हात लावू नका."

गठ्ठे बदलले. तो कोपरा बुजवताना आईनं मेस्त्रीला थांबवलं आणि वीतभर चौकोन मोकळा ठेवायला लावला, त्यावर बिजागरीचं लाकडी झाकण. दर शुक्रवारी क्लास सुटला की ती झाकण उघडते, आत कोपरापर्यंत हात घालते, पेंढा चुरगाळून हुंगते.

तर, तो रविवार. पाहुणे यायच्या आधी मी त्या झाकणावर कॅलेंडर टांगलं. बैठकीत मी छाती ठोकून म्हटलं होतं की या भिंतीत काहीही दोष नाही. सडलेल्या गठ्ठ्यांची गोष्ट निघाली तर संपलंच.

आई वर आली, बघितलं. "कॅलेंडर काढ."

"आई, ते लोक खोली पाडतील."

"काढ म्हणते ना. लपवायची खोली मला नको."

दोनला तिघं आले: सेक्रेटरी साहेब, एक तरुण इंजिनिअर, आणि खजिनदार आंटी, ज्यांच्या गुडघ्यांनी जिन्यावरच निषेध नोंदवला होता. गच्चीची फरशी चपलेतूनही पोळत होती. तिघं आत आले, आत गारवा होता. पंखा एकावर होता. चारही मशिनी चालू. आंटी स्टुलावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मैं यहींच बैठती जी, आप लोग देखो."

इंजिनिअरनं आगीचं विचारलं. पेंढा सुटा असला तर पेटतो, घट्ट बांधून दोन्हीकडून माती थापली की सहज पेटत नाही, मी सांगितलं. वायरी पाइपातून नेल्यात, दाखवल्या. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "और सड़ गया तो?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सड़ा था. पाँच गठ्ठे. हमारी गलती से." आणि झाकण उघडलं. "हाथ डालो, भाईसाब."

त्यांनी बाही वर केली. हात आत गेला, बराच आत गेला. बाहेर काढून त्यांनी बोटं चोळली, नाकाशी नेली. पेंढ्याची एक काडी त्यांच्या अंगठीत अडकली होती. "सूखा है," ते म्हणाले. मग ती काडी काढत, "मेरे घर की दीवार में ऐसा हाथ डाल के कौन देखा आज तक?"

बाबा दाराशी उभे होते. "पानी मैं मारा था," ते उगाचच म्हणाले. आंटी इतक्या हसल्या की स्टूल डगमगलं.

खोली राहिली. मी जन्मभर कितीही मोर्चे काढले तरी त्या दुपारी आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कशाचा वाटेल असं वाटत नाही. माझं भाषण हसण्यावारी गेलं. तिनं आमची चूक उघडून दाखवली आणि तिघांची तोंडं बंद केली. आता तिच्याकडे नऊ जणी आहेत आणि भर मे महिन्यात क्लास चारपर्यंत चालतो.

पण इतिवृत्तात काय लिहिलं ते वाचा: "अपवाद म्हणून परवानगी." अपवाद! नियम तसाच आहे: गच्चीवर पत्र्याची शेड चालेल, पण भिंती बांधायच्या तर फक्त विटा-सिमेंटच्या. मागच्याच महिन्यात आमच्याच सोसायटीतल्या, पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंनी, पत्र्याखाली पापड लाटणाऱ्या, आमच्यासारखी खोली मागितली. याच नियमावर बोट ठेवून त्यांना नाही म्हणाले. त्या अजून पत्र्याखालीच आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते, वाचून कौतुक करू नका. तुमच्या सोसायटीची नियमावली आज काढा. विटा-सिमेंटचं हे वाक्य तिच्यात असणारच. ते खोडण्याचा ठराव लिहा, खाली स्वतःची सही करा आणि पुढच्या बैठकीत उभे राहून तो मोठ्यानं वाचा.