म्हात्रे मास्तरांच्या पाठीमागे

मी आजवर सात मेलेल्या माणसांच्या जागी बसलो आहे. घाबरू नका, मी हौशी नट आहे, आणि या भूमिका मला म्हात्रे मास्तरांनी दिल्या होत्या. मास्तर जाऊन आता वर्ष होईल. ठाकुर्लीच्या जुन्या शेतकरी घरातले, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते माणसंच रंगवायचे, पण जवळ जाऊन पाहिलं तर नुसते रंगांचे फटकारे. दहा पावलं मागे सरकलात की तिथे अचानक कोणीतरी भाजी निवडत बसलेलं असे. नाक-डोळे काही नसत, तरी बघणारा ओरडे, "अरे, ही तर आमची काकू!"

घरातलं कोणी गेलं की लोक मोबाइलमधले फोटो घेऊन त्यांच्याकडे येत. मास्तर फोटो हातातही धरत नसत. "नाक-डोलं हायत यात. मानूस नाय. कसा बसायचा ते सांग." मग मला खुर्चीत बसवायचं आणि नातेवाइकांना म्हणायचं, "याला नीट करा."

डोंबिवलीच्या एक बाई आल्या होत्या. यजमान नुकतेच गेलेले. मला बघून म्हणाल्या, "हे असे नव्हते बसत. डावा खांदा खाली. पेपर जरा लांब. आणि अहो, इतकं नाटकी नको!" मी खांदा पाडला, पेपर लांब धरला, अपमान गिळला. बाई बघत राहिल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "चहा ठेवू?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मास्तर माझ्याकडे बघत कुजबुजले, "हलू नको रे नटा. आयलाय तो."

पुढे दोन दिवस माझा डावा खांदा वर येत नव्हता. बायकोने बाम चोळून पाहिला. शेवटी म्हणाली, "ज्यांचा असेल त्यांना परत देऊन या."

मास्तरांचं स्वतःचं माणूस मात्र त्यांना सापडत नव्हतं. हिराबाई, त्यांच्या पत्नी. मास्तर रोज सकाळी खाडीकाठी स्टूल टाकून चित्र काढत. कॅनव्हासवर ऊन पडलं की रंग फसवतात, म्हणून हिराबाई मागे छत्री धरून उभ्या राहत. वर्षानुवर्षं हेच. त्या गेल्या, आणि मास्तरांनी ठरवलं की छत्री धरलेली हिरा रंगवायची. घाईही होती, कारण हात कापायला लागला होता. पण कॅनव्हास महिनाभर कोराच.

"नटा," ते एक दिवस म्हणाले, "सगल्यांची मानसं मी परत बसवली. माझी बायको कशी उभी राहायची, तेच मला ठाऊक नाय. ती कायम पाठीमागं. मी कवा वळलोच नाय."

"चित्र काढताना कोण वळतं, मास्तर?"

"नवरा वळतो."

मी हार मानणारा नव्हे. हिराबाईंचं हिरवं लुगडं नेसून, छत्री घेऊन, भर सकाळी मी खाडीवर उभा राहिलो. गळ टाकून बसलेल्या दोघांनी गळ गुंडाळले आणि मागे न बघता निघून गेले. मी दमलेली उभी राहून दाखवली, रुसलेली दाखवली, एका पायावर भार टाकलेली दाखवली. मास्तर दर वेळी मान हलवत. "ही कोन बाय हाय, देव जाने. माझी नाय." चुकतंय हे त्यांना कळत होतं; कुठे चुकतंय ते सांगणारं घरात कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या खोलीला ओल आली म्हणून आम्ही जुनी चित्रं बाहेर काढून ओटीवर ओळीने लावली. खाडी, होड्या, जाळं विणणारे, मिठाच्या गोणी उचलणाऱ्या बायका. मी सवयीने मागे सरकलो, डोळे बारीक केले. प्रत्येक चित्रात उजव्या कोपऱ्यात, खाली जमिनीवर, एक मोठा जांभळा गोल होता. गोलाला चिकटून एक तिरकी रेघ. आणि रेघेच्या दुसऱ्या टोकाला, गोलापासून दूर, एक छोटा जांभळा डाग.

"मास्तर, हे काय काढलंय?"

"सावली असंल कसली तरी. जांभलं दिसलं, जांभलं लावलं. कशाचं ते विचारायचं नसतं." असं म्हणता म्हणता ते ओटीवरून उतरून अंगणाच्या टोकापर्यंत मागे गेले. तिथून बराच वेळ बघत राहिले.

गोल छत्रीचा होता. रेघ हाताची. छोटा डाग हिराबाईंच्या डोक्याचा, आणि तो एकाही चित्रात छत्रीच्या सावलीत नव्हता.

"उन्हात उभी होती रे," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, छत्रीत दोघंबी मावतो."

चित्र पुढे झालं. ते कल्याणला त्यांच्या मुलीकडे आहे. बघणारे म्हणतात, बाई पाठमोऱ्या असूनही हुबेहूब उतरल्यात. त्या चित्राला मात्र मी उभा राहिलो नाही. ते सुरू करायच्या आदल्या सकाळी मास्तरांनी मला खाडीवर नेलं, स्टुलावर बसवलं, समोर कोरा कॅनव्हास ठेवला. "तू मी हो. समोर बघ. कायबी झालं तरी वळायचं नाय." मग ते छत्री घेऊन माझ्या मागे गेले.

अर्धा तास झाला असेल. ऊन चढत होतं. माझ्या उजव्या बाजूला जमिनीवर छत्रीचा गोल थरथरत होता, आणि त्याच्याबाहेर, हातभर अंतरावर, एक डोकं. बाजूच्या पिंपळावर एक कावळाही ओरडत नव्हता. ऐंशीच्या घरातला माणूस उन्हात उभा आहे, हे मला बघवेना.

"मास्तर," मी समोर बघतच म्हटलं, "तुम्हीपण छत्रीखाली या ना."

मागून आवाज आला, हळू, लाडाने दटावल्यासारखा. तो मास्तरांचाच असणार. तिथे दुसरं कोण होतं?

"गप बसा ओ तुमी. चित्रावर ऊन येल."