कोन म्हनते, कशावरून, अन मले काय वाटते

वानखडे सर गेल्याचा मेसेज सकाळी आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला. मी खाली उलट विचारलं, "कोण म्हणतं? कशावरून?"

दोघातिघांना माझा राग आला असणार. म्हातारीला पोच नाही, असंही वाटलं असेल.

पण ही सवय मला खुद्द सरांनीच लावली आहे. आता त्याला कोण काय करणार!

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातून मी अमरावतीला प्री-युनिव्हर्सिटीला आले. पत्र्याची ट्रंक आणि दोन पातळं, एवढंच सामान.

बाबा छप्पनला नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, ते पोरीला कॉलेजात घालायचंच असं ठरवून. गणपतमामाला मात्र ते पसंत नव्हतं. आईचा एकुलता भाऊ, त्यामुळे घरात त्याच्या शब्दाला वजन. आज ना उद्या तो बाबांचं मन वळवणार आणि माझी ट्रंक घरी परत जाणार, ही धास्ती मला कायम असायची.

सर मराठी शिकवायचे. मूळचे अकोल्याचे, तेव्हा अगदी तरुण. क्लासमध्ये शुद्ध बोलायचे, चिडले की थेट वऱ्हाडी.

खेड्यातून आलेल्या मुलामुलींना ते सकाळी कॉलेज भरायच्या आधी बोलवायचे. आम्ही मॅट्रिक झालो होतो ते पाठांतरावर. गाइड उघडायचं, घोकायचं, पेपरात ओतून यायचं. वाचणं म्हणजे आणखी काही असतं, हे आमच्या गावीच नव्हतं.

पहिल्याच दिवशी सरांनी छापलेला एक उतारा वाटला. विषय वऱ्हाडातला कापूस. म्हणाले, सारांश लिहा.

आम्ही माना खाली घालून लिहिलं. माझं अक्षर मोत्यासारखं. मनातल्या मनात मी पहिला नंबरही घेऊन टाकला.

सरांनी सगळे कागद चाळले. मग विचारलं, "कापूस कोनं कोनं वेचला हाय?"

सगळ्यांचे हात वर.

"कवा वेचता?"

कोणी म्हणालं दसऱ्यानंतर, कोणी म्हणालं दिवाळीत. मी म्हटलं, "शेतात दहीभात ठेवून सीतादही करतो सर, मंग वेचाले लागतो."

"अन या कागदात काय लिवलं हाय?"

उताऱ्यात लिहिलं होतं की वऱ्हाडात कापूस भर श्रावणात वेचतात. आणि आम्ही, जन्मभर कापूस वेचलेली पोरं, तेच सुवाच्य अक्षरात उतरवून बसलो होतो!

"सर, छापेल व्हतं न," मागून कोणीतरी पुटपुटलं.

सर उसळले. "छापेल व्हतं! अरे, मीच लिवलं अन मीच छापून आनलं! तुमच्या बोटाले बोंडं टोचली ते खोटं, अन कागद खरा?"

त्या दिवसापासून नियम झाला. काहीही वाचलं की खाली तीन ओळी लिहायच्या. कोन म्हनते? कशावरून? मले काय वाटते?

पहिल्या दोन जमायला लागल्या. तिसरीपाशी माझा हात थांबायचा. आपल्याला काय वाटतं, हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

दिवाळीत घरी गेले आणि व्हायचं तेच झालं. बाबा आणि मामा जेवायला बसलेले, मी भाकरी वाढत होते.

मामा म्हणाला, "भाऊजी, कॉलेजात शिकलेल्या पोरीले कोनी सून करत नाही. आता बस झालं, राहू द्या तिले घरीच."

बाबा भाकरी कुस्करत राहिले. माझी ट्रंक आता घरीच राहणार, असं मला वाटलं.

आणि तोंडून निघून गेलं, "मामा, कोन म्हनते?"

"सारेच म्हनतात."

"सारे मंजे कोन कोन?"

मामानं बोटांवर मोजायला घेतलं. "आमच्या शेजारचा किसन."

"अन?"

"अन... त्याची बायको."

बाबांना ठसकाच लागला. पाणी पिऊन म्हणाले, "मंजे एकच घर झालं, गणपत."

मामा तापला. "भाऊजी, पोरगी उलटून बोलून राहिली!"

"उलटून नाही," बाबा म्हणाले, "इचारून राहिली. दिवाळी झाली की मीच पोचवून देतो तिले."

त्या रात्री मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. आनंदानं.

अमरावतीला येऊन हे सगळं सरांना तिखटमीठ लावून सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल.

सर म्हणाले, "मामाची बाजू लिवली का?"

"त्याची कायची बाजू, सर?"

"मंग तू बी एकाच बाजूनं बोलनारी किसनच झाली. जाय, लिवून आन."

चरफडत लिहायला बसले. लिहिता लिहिता कळलं की मामाला भीती होती. आपली भाची शिकून एकटी पडेल, ही भीती. माझ्यावर जीव होता म्हणूनच तो आडवा आला होता. माझी पहिली खरीखुरी तिसरी ओळ त्या कागदावर उतरली.

पुढे मी प्राध्यापक झाले. नोकरीच्या पहिल्या दिवशी मामा स्वच्छ धोतर नेसून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला आला होता. निवृत्तीपर्यंत मी नव्या पोरांना आधी श्रावणातला कापूस वेचायला लावला. दर वर्षी पोरं फसायची. दर वर्षी मला सर आठवायचे.

आज ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून मी अकोल्याला सरांच्या मुलीला फोन लावला. मनात वेडी आशा होती. मेसेज खोटे निघतातच की.

ती म्हणाली, "ताई, मी त्यांच्या उशाशीच होते."

कोन म्हनते, कशावरून, दोन्हींचं उत्तर मिळालं.

तिसरी ओळ लिहायला सकाळपासून बसले आहे, सर. शुद्ध मराठीत जमत नाही.

मले वाटते, तुमी आनखी राहाले पाहिजे व्हते.

तुमच्या विद्यार्थिनीचं शेवटचं अभिवादन.